भिलाईचे सिविक सेंटर आणि चालण्याच्या अंतरावरचे शहर

भिलाई : शाळा, बाजार, दवाखाना आणि उद्यान घरापासून पायी किंवा सायकलने पंधरा मिनिटांत गाठता यावे, ही कल्पना पॅरिसमधील प्राध्यापक कार्लोस मोरेनो यांनी २०१६ मध्ये मांडली. तेथील महापौर ॲन हिदाल्गो यांनी २०२० च्या निवडणुकीत तिचा पुरस्कार केला आणि ती जगभर चर्चेत आली. छत्तीसगडमधील भिलाईत मात्र पोलाद कारखान्याच्या जोडीने याच धर्तीची वसाहत त्याआधी कित्येक दशके नांदत होती.

भिलाई पोलाद प्रकल्पासाठीचा भारत–सोव्हिएत करार फेब्रुवारी १९५५ मध्ये झाला. दुर्ग जिल्हा त्या वेळी ज्या मध्य प्रदेशात होता, त्याची राजधानी नागपूर होती. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन केले. देशाच्या सर्व भागांतून आलेल्या कामगारांसाठी क्रमांकित सेक्टरांची वसाहत वसविण्यात आली. रोजची गरज सेक्टरातच भागावी, म्हणून शाळा, लहान बाजार आणि मैदान घरांच्या मधोमध ठेवले गेले. जी सेवा एका सेक्टराच्या लोकसंख्येवर चालू शकत नाही, ती सर्वांसाठी एकाच जागी, म्हणजे सिविक सेंटरमध्ये आली. मोठी बाजारपेठ, महात्मा गांधी कला मंदिर आणि नेहरू कलादालन तेथेच आहेत. मुख्य रुग्णालय सेक्टर ९ मध्ये आहे.

या मांडणीमागे साधे गणित आहे. अमेरिकी नियोजनकार क्लॅरेन्स पेरी यांनी १९२९ मध्ये शेजार-घटकाची कल्पना मांडताना प्राथमिक शाळा केंद्रस्थानी धरली आणि घरापासून तिचे अंतर सुमारे ४०० मीटर मानले. तेवढ्या त्रिज्येच्या वर्तुळात साधारण ५० हेक्टर जमीन येते. हेक्टरी १०० माणसे राहत असतील तर ५ हजार रहिवासी मिळतात आणि एक शाळा व काही दुकाने तगतात. हेक्टरी ५० असतील तर तीच शाळा अर्धी रिकामी राहते. भिलाईतील अंगणे, रुंद रस्ते आणि बैठी घरे पाहता ही वसाहत आटोपशीर म्हणण्यापेक्षा ऐसपैसच म्हणावी लागेल; अंतराची उणीव तेथे सायकलने भरून काढली.

तरीही ही रचना चालली, याचे श्रेय केवळ नकाशाला देता येणार नाही. जमीन, घरे, शाळा, रुग्णालय, पाणी आणि दिवाबत्ती यांचा मालक एकच होता. शाळेसाठी राखलेल्या जागेवर शाळाच उभी राहिली, कारण तिचा खर्च उचलणारी संस्था आणि जागा राखणारी संस्था वेगळी नव्हती. हीच या वसाहतीची ताकद होती आणि दुबळेपणाही. गेल्या काही दशकांत कारखान्यातील नियमित मनुष्यबळ मोठ्या प्रमाणात घटले. कंपनीच्या शाळांचा पट ओसरला आणि काही शाळा बंद किंवा विलीन कराव्या लागल्या. सेक्टर तेच, रस्ते तेच. पण जवळची शाळा नसेल तर मुलाला दूरच्या शाळेत सोडण्यासाठी दुचाकी काढावी लागते.

रेल्वेमार्गापलीकडील सुपेला व पॉवर हाऊस परिसर याच्या नेमका उलट. तेथे दाटी आहे, दुकाने दाराशी आहेत, रविवारचा बाजार गजबजतो. जवळीक आपसूक आली. पदपथ, मैदाने आणि मोकळी जागा मात्र आपसूक येत नाहीत. चालण्याजोग्या वस्तीला दोन्हीची गरज असते.

इतर शहरांत एकच मालक नसतो, तेव्हा ही जबाबदारी कायद्यावर येते. शिक्षण हक्क कायद्याच्या केंद्रीय नियमावलीत पहिली ते पाचवीसाठी १ किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटरच्या आत शाळा असावी, असे म्हटले आहे. परंतु शाळेला जागा लागते आणि ती विकास आराखड्यातील आरक्षणातून मिळते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ नुसार आराखडा अंमलात आल्यापासून १० वर्षांत आरक्षित जमीन संपादित झाली नाही, तर जमीनमालक खरेदीची सूचना देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण रद्द ठरते आणि शेजारच्या जमिनीवर जे बांधता येते ते तेथेही बांधता येते. मैदान, दवाखाना किंवा भाजी मंडईसाठी राखलेल्या भूखंडांनाही हीच मुदत लागू आहे.