आतड्याची पिशवी आणि घड्याळाची शिस्त

मूत्राशयाचा कर्करोग स्नायूपर्यंत पोहोचला की पुष्कळदा संपूर्ण मूत्राशय काढावे लागते. ‘मग लघवी साठायची कुठे?’ असा प्रश्न घरच्यांना पडतो. त्याचे उत्तर शल्यचिकित्सकांनी रुग्णाच्याच लहान आतड्यात शोधले आहे.

यात मुख्य मार्ग दोन. पहिल्यात आतड्याच्या छोट्या तुकड्याला मूत्रवाहिन्या जोडून त्याचे तोंड पोटावर उघडतात. लघवी बाहेर चिकटवलेल्या पिशवीत जमते. अमेरिकेतील डॉ. ब्रिकर यांनी १९५० मध्ये ही पद्धत मांडली. दुसऱ्यात सुमारे अर्धा मीटर आतडे उभे चिरून, शिवून त्याची गोल पिशवी करतात व ती नेहमीच्या मूत्रमार्गाला जोडतात. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलसारख्या मोठ्या रुग्णालयांत अशा शस्त्रक्रिया होतात. दुसऱ्या पद्धतीत बहुतेकांना दिवसा लघवीवर ताबा येतो; रात्री अंथरूण ओले होण्याचा त्रास अनेकांना राहतो.

मात्र आतड्याची जागा बदलली तरी त्याचा स्वभाव बदलत नाही. ते लघवीतील आम्लद्रव्ये शोषून रक्तात सोडते. त्यामुळे थकवा येतो, भूक मंदावते, पुढे हाडेही ठिसूळ होऊ शकतात. आतड्यातून चिकट स्राव येत राहतो. पिशवीत खडे होऊ शकतात. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता तर काही वर्षांनी उघड होते.

ही पिशवी भरल्याची पूर्वीसारखी जाणीव होत नाही. म्हणून घड्याळ लावून, साधारण दर तीन-चार तासांनी ती रिकामी करावी. कांद्याचा ट्रॅक्टर घेऊन लासलगावच्या बाजार समितीत लिलावाची वाट पाहणाऱ्याने ‘नंबर जाईल’ म्हणून लघवी तुंबवू नये. पाणी भरपूर प्यावे. लघवी पूर्ण होत नसेल तर डॉक्टर नळी घालून ती काढायला शिकवतात. त्यात लाज कसली? लघवी अडली, पोटात जोरात दुखले किंवा थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे आणि आपली शस्त्रक्रिया आधी सांगावी.

सर्वांत मोठी भीती मूत्रपिंडांची. ती बिघडू लागली तरी दुखत नाहीत. ‘आता बरे वाटते, कशाला नाशिक-मुंबईची खेप?’ हा विचार इथेच घात करतो. रक्ताची तपासणी आणि सोनोग्राफी डॉक्टर सांगतील तेव्हा, आयुष्यभर करावी.

आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनो, या कर्करोगाचे मोठे कारण तुमच्या खिशातच आहे. लघवीतून एकदाही रक्त गेले, दुखत नसले तरी, तपासणी टाळू नका.