दोन तारांवरचे आकडे

कारखान्याच्या सबस्टेशनात एकेकाळी दर तासाला रीडिंग घ्यायची शिस्त होती. ऑपरेटरने पॅनेलसमोर उभे राहून व्होल्ट, अँपिअर, पॉवर फॅक्टर आणि युनिट लॉगशीटवर उतरवायचे. प्रत्यक्षात शिफ्ट संपता संपता आठही ओळी एका बैठकीत भरल्या जात, आणि कागदावरचे व्होल्टेज रात्रभर जागचे हलत नसे! मीटरनेच आकडे थेट संगणकाला द्यावेत हे अशी लॉगशीट पाहिली की लगेच पटायचे.

प्रयोगशाळांनी ते आधीच साधले होते. ह्यूलेट-पॅकार्डने आपल्या उपकरणांसाठी काढलेली बस १९७५ मध्ये आयईईई-४८८ म्हणून मानक झाली. पण केबल जाड, महाग आणि एकूण २० मीटरच्या आत. आरएस-२३२ तर १९६० पासून होते, पण त्याची धाव साधारण १५ मीटर आणि एका पोर्टवर एकच मीटर. ही कोंडी १९८३ च्या आरएस-४८५ ने फोडली. पीळ दिलेल्या दोन तारा, १,२०० मीटरपर्यंतचे अंतर, एका लाइनवर ३२ उपकरणे. मोटारींचा आणि वेल्डिंगचा गोंगाट दोन्ही तारांवर जवळपास सारखाच चढतो. पलीकडे दोन तारांतला फरकच वाचला जात असल्याने तो गोंगाट गळून पडतो.

तारांवर काय बोलायचे हे १९७९ मध्येच ठरले होते. मॉडिकॉन कंपनीने आपल्या पीएलसींसाठी, म्हणजे यंत्रे चालवणाऱ्या नियंत्रकांसाठी, मॉडबस काढले. संगणकाने विचारायचे, मीटरने उत्तर द्यायचे. न विचारता बोलायचे नाही. वापरायला मोकळे आणि समजायला सोपे, म्हणून ते सगळीकडे पसरले. पुढे आलेले कितीतरी हुशार प्रोटोकॉल त्याला हटवू शकलेले नाहीत.

त्याचा त्रास मात्र ज्याने लाइन चालू केली आहे त्यालाच विचारावा. मॉडबसचे रजिस्टर १६ बिटांचे, आणि दशांशाचा आकडा ३२ बिटांचा. म्हणजे २३० व्होल्ट दोन रजिस्टरांत येतात: षोडशमान पद्धतीत ४३६६ आणि ००००. आधी कोणते पाठवायचे यावर कंपन्यांचे एकमत नाही. क्रम उलटा धरला की पॅनेलवर दिवा जळतोय आणि पडद्यावर व्होल्टेज शून्य! तारांच्या ‘ए’ आणि ‘बी’ खुणांबाबतही तीच तऱ्हा. एका कंपनीचा ‘ए’ दुसरीचा ‘बी’.

बिलाच्या मीटरचा संसार वेगळाच. त्याच्या तोंडावरच्या ऑप्टिकल पोर्टला चुंबकाने प्रोब चिकटवायचा आणि डेटा उतरवून घ्यायचा. प्रत्येक कंपनीचा प्रोटोकॉल निराळा, त्यामुळे सॉफ्टवेअरही निराळे. २०११ च्या आयएस १५९५९ या भारतीय मानकाने डीएलएमएस या सामाईक प्रोटोकॉलचा पाया देऊन या मीटरांना एका भाषेत आणले, आणि २०१५ मध्ये स्मार्ट मीटरसाठी आयएस १६४४४ आले. आता आकडे वायरलेसने थेट वीज कंपनीच्या सर्व्हरवर जातात. चार दशकांच्या या धडपडीत कारखान्याचा स्वतःचा मीटर मालकाला जितका उघड झाला, तितका घरचा मीटर बिल भरणाऱ्याला झालेला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

कारखान्यासाठी मीटर घेणाऱ्यांना एकच सांगणे: रजिस्टरांची यादी खरेदीच्या ऑर्डरमध्येच मागा. पैसे चुकते झाल्यावर ती मिळवायला फार फोन करावे लागतात.