सोळापैकी शून्य

रिझल्ट लागला त्या रात्रीची गोष्ट. पाच पेपरांपैकी तीन उडाले होते. मेसमध्ये भरली वांगी होती, तरी जेवायला जावंसं वाटेना. रूममेट ‘चल गं, होतं असं’ म्हणून दमली आणि एकटीच गेली. तेवढ्यात अमेरिकेतून मामाचा फोन. मामा डेट्रॉइटजवळ गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत आहे, तिथे जाऊन पंचवीस वर्षं झाली. म्हटलं, आता लेक्चर! तर तो शांतपणे म्हणाला, “अगं, दोन तर सुटले ना? आमच्या लायन्सना सोळात एकही सुटला नव्हता.”

मला आधी वाटलं, हा सर्कशीबद्दल बोलतोय. मग कळलं की डेट्रॉइट लायन्स ही अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक टीम आहे आणि २००८ च्या सीझनमध्ये ती सोळाच्या सोळा सामने हरली होती. त्यानंतर आठवडाभर मी एम-थ्री बाजूला ठेवून हेच वाचत बसले (आईला सांगू नका). मित्रांनो, जे समजलं ते इथे सांगते. कॉन्व्हेंटवालीचं मराठी आहे, सांभाळून घ्या!

आधी खेळ. नाव फुटबॉल, पण काम बरंचसं हातांचं. दोन्हीकडे अकरा-अकरा खेळाडू, शंभर यार्डांचं मैदान. चेंडू ज्यांच्याकडे, त्यांनी चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. जमलं तर आणखी चार प्रयत्न मिळतात, नाही तर चेंडू समोरच्यांना. शेवटच्या रेषेपार गेलात तर टचडाउन, म्हणजे सहा गुण. लांबून किक मारून खांबांमधून घातलात तर तीन. पास टाकणारा आणि सगळी चाल हाकणारा तो क्वार्टरबॅक. आपल्या कबड्डीचाच एक दांडगट चुलतभाऊ समजा.

आता गंमत बघा. त्या वर्षी सीझनआधीचे चारही सराव सामने लायन्स जिंकले होते! पण सराव सामन्यांत मुख्य खेळाडू थोडाच वेळ उतरतात. त्यामुळे ते मार्क म्हणजे आपले इंटर्नल्स. त्यावर युनिव्हर्सिटीच्या पेपरचा अंदाज बांधू नये, हे मला आता पटलंय.

खरा सीझन सुरू झाला अटलांटात. तिथल्या मॅट रायन या नवख्या क्वार्टरबॅकने व्यावसायिक कारकिर्दीतल्या पहिल्याच पासवर ६२ यार्डांचा टचडाउन करून दाखवला. लायन्स हरले २१-३४. मग ग्रीन बेकडून २५-४८, सॅन फ्रान्सिस्कोकडून १३-३१. तीन सामन्यांनंतर टीमचे सर्वेसर्वा मॅट मिलन यांना नारळ मिळाला.

सगळ्यात चटका लावणारा सामना मिनेसोटाचा. नवा क्वार्टरबॅक डॅन ऑर्लोव्स्की आपल्याच टोकाला उभा होता. समोरचा धावून आला म्हणून हा चेंडू घेऊन मागे-मागे पळाला आणि पळता पळता मैदानाच्या मागच्या रेषेबाहेर गेला. त्याला स्वतःला पत्ताच नाही! अशा चुकीला सेफ्टी म्हणतात आणि समोरच्यांना दोन गुण मिळतात. सामना संपला १०-१२. नेमका दोनच गुणांचा फरक. शिकागोविरुद्ध फरक चार, पुढे पुन्हा मिनेसोटाशी चार. टॅम्पा बेविरुद्ध तर १७-० अशी आघाडी घेऊन हरले, २०-३८. थँक्सगिव्हिंगच्या सणाला डेट्रॉइटमध्ये सामना व्हायची प्रथा १९३४ पासूनची. त्या दिवशी घरोघरी टीव्ही चालू असतो, आणि त्या दिवशी निकाल १०-४७.

शेवटी आकडे असे: केलेले गुण २६८, दिलेले ५१७. याआधी १९७६ मध्ये टॅम्पा बेने सगळे सामने गमावले होते, पण ती कोरी करकरीत टीम होती आणि सामने होते चौदा. सोळा सामन्यांत शून्य करणारे लायन्स पहिलेच. (२०१७ मध्ये क्लीव्हलंड ब्राउन्सने बरोबरी केली. आणि हो, सराव सामने तेही चारही जिंकले होते!)

हे नुसतं दुर्दैव होतं का? आपण इंजिनिअर, गणित करून बघू. प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता निम्मी धरली, तर सोळाही हरण्याची शक्यता ६५,५३६ मध्ये एक. म्हणजे जवळजवळ अशक्य. पण टीम कच्ची आहे आणि दर सामन्यात जिंकायची शक्यता २० टक्केच आहे असं धरा. मग ०.८ चा सोळावा घात येतो सुमारे ०.०२८. म्हणजे शंभरात जवळपास तीन. १० टक्के धरलीत तर शंभरात अठरा! थोडक्यात, नशिबाने फक्त शेवटचा धक्का दिला. खड्डा आधीच खणलेला होता.

तो खणला कसा? मिलन स्वतः चार सुपर बोल जिंकलेल्या टीम्समधले खेळाडू, नंतर टीव्हीवरचे समालोचक. टीम चालवायचा अनुभव शून्य. २००१ पासून सूत्रं त्यांच्याकडे. या लीगमध्ये दरवर्षी कॉलेजचे खेळाडू निवडतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. २००३ ते २००७ या पाच ड्राफ्टमध्ये मिलननी चार वेळा पहिली निवड खर्च केली ती पास झेलणाऱ्या खेळाडूंवर. त्यातले दोघे साफ फसले. पास झेलणारे आणले, पण पास टाकणारा आणि बचाव करणारे कुठून येणार? प्रोजेक्ट ग्रुपमध्ये चौघंही प्रेझेंटेशन देणारे घेतले तर सोल्डरिंग कोण करणार? वर तिथे प्रत्येक टीमच्या पगारखर्चावर मर्यादा असते आणि तेव्हा वरच्या निवडींचे करार फार महाग असायचे. चुकीची निवड म्हणजे खेळाडू गेला आणि पैसाही अडकला.

त्यातून एक हिरा मात्र मिळाला होता, कॅल्विन जॉन्सन. या शून्याच्या सीझनमध्येही त्याने १,३३१ यार्ड आणि १२ टचडाउन केले. टीम बुडत असताना आपलं काम चोख करणारा माणूस! प्रशिक्षक रॉड मॅरिनेलीही रोज पत्रकारांपुढे उभे राहायचे. बचाव सांभाळणारा त्यांचा जावईच होता, त्यावरून भर पत्रकार परिषदेत टोमणा ऐकावा लागला. सीझन संपल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यांना काढलं.

बाहेर शहराची अवस्था वेगळी नव्हती. टीमचे मालक हेन्री फोर्डचे नातू विल्यम क्ले फोर्ड, स्टेडियमचं नावही फोर्ड फील्ड. त्याच हिवाळ्यात मोटार कंपन्यांचे प्रमुख वॉशिंग्टनला मदत मागायला गेले होते. २००९ मध्ये क्रायस्लर आणि जनरल मोटर्स दिवाळखोरीत गेल्या. तिकिटं पूर्ण खपली नाहीत तर सामना स्थानिक टीव्हीवर दाखवायचा नाही, असा तेव्हा नियम होता. त्यामुळे काही सामने डेट्रॉइटकरांना घरी दिसलेच नाहीत. मामा म्हणतो, “सोमवारी ऑफिसात दोनच विषय. या आठवड्यात कोणाला घरी पाठवणार आणि लायन्स कितीने हरले. दुसरा विषय बरा वाटायचा गं, त्यात निदान हसता यायचं.”

पुढे काय झालं? या लीगमध्ये शेवटच्या टीमला हाकलत नाहीत. उलट पुढच्या ड्राफ्टमध्ये तिला पहिला नंबर मिळतो. लायन्सनी २००९ मध्ये मॅथ्यू स्टॅफर्ड हा क्वार्टरबॅक घेतला. २७ सप्टेंबर २००९ ला वॉशिंग्टनला १९-१४ हरवलं, तेव्हा कुठे सलग १९ पराभवांची साखळी तुटली. पण त्या वर्षीही विजय दोनच! चौदा पराभव. २०१० मध्ये सहा विजय, २०११ मध्ये दहा आणि प्लेऑफ. एका रात्रीत काही झालं नाही.

आणि हे मला सगळ्यात आवडलं. २००८ च्या त्या टीममध्ये डॅन कॅम्पबेल नावाचा खेळाडू होता. दुखापतीमुळे एकच सामना खेळून बाहेर बसला. तोच २०२१ मध्ये लायन्सचा प्रशिक्षक झाला. पहिला विजय मिळायला डिसेंबर उजाडला. पण जानेवारी २०२४ मध्ये त्याच्या टीमने ३२ वर्षांनी प्लेऑफचा सामना जिंकला, २४-२३. हरवलं कोणाला? स्टॅफर्डच्या नव्या टीमला! त्या रात्री मामाचा आवाज बसला होता.

मामाला मी विचारलं, “सोळा हरल्यावर तू टीम का नाही बदललीस?” तो म्हणाला, “अगं, सतरावा बघायचा होता.”

असो. माझे तीन विषय आहेत आणि परीक्षेला पाच आठवडे. कॅल्विन जॉन्सन होणं काही जमणार नाही, पण आपल्याच रेषेबाहेर पळायचं नाही एवढं ठरवलंय. एम-थ्रीच्या नोट्स कोणाकडे असतील तर लेडीज होस्टेलच्या ऑफिसात ठेवा. आणि भरली वांगी परत कधी आहेत, तेही कळवा!