पाच गुण झाले की नापास

मेल सर्व्हरवर स्पॅमअसॅसिन हा स्पॅम-फिल्टर बसवला की तो आलेल्या प्रत्येक ईमेलला गुण देतो. पाठवणाऱ्याचा आयपी पत्ता काळ्या यादीत असेल, विषयाची ओळ सगळी कॅपिटल अक्षरांत असेल, तर गुण वाढतात. काही चांगल्या खुणांना वजा गुणही मिळतात. बेरीज 5 वर गेली की स्पॅमचा शिक्का.

स्पॅम फार येतंय म्हणून हा आकडा 3 वर आणायचा मोह होतो. तो आवरावा. दोन जाहिराती जास्त आल्या तर डिलीट करता येतात, पण बिल किंवा कोर्टाची नोटीस अडकली तर पंचाईत. शिक्का बसलेली मेल स्पॅम फोल्डरमध्ये टाकावी, गुपचूप पुसू तर अजिबात नये.

फिल्टरला शिकवताही येतं. मात्र त्याचा शिकणारा, म्हणजे बेझियन, भाग किमान 200 स्पॅम आणि 200 चांगल्या मेल पाहिल्याशिवाय कामालाच लागत नाही. लोक नेमका नुसता कचराच भरवतात!

ग्रेलिस्टिंगची युक्ती मला जास्त आवडते. अनोळखी सर्व्हरला ‘नंतर या’ असं सांगायचं. पोस्टग्रे या ग्रेलिस्टिंगच्या प्रोग्रॅममध्ये ही वाट मुळात 300 सेकंदांची असते. खरा सर्व्हर परत येतो, घाऊक स्पॅम पाठवणारे बरेच प्रोग्रॅम फिरकत नाहीत. पण तेवढ्यात बँकेचा ओटीपी शिळा होतो, म्हणून अशा सर्व्हरना सूट द्यावी लागते.

सगळं झाल्यावर बाहेरच्या खात्यावरून ‘जीट्यूब’ ही ठरावीक चाचणी-ओळ पाठवून बघा. तिला 1000 गुण पडतात. तीही इनबॉक्समध्ये पोचली, तर फिल्टर मेलच्या वाटेवर जोडलेलाच नाही.