शंभरांतले साठ गज

मोठ्या रचनेसाठी सिम्फनी ऑर्केस्ट्रा पूर्ण संख्येनं बसतो तेव्हा मंचावर नव्वद ते शंभर वादक असतात आणि त्यांतल्या साठ जणांच्या हातात गज असतो. साधारण हिशेब असा: पहिली व्हायोलिनं १६, दुसरी १४, व्हायोला १२, चेलो १०, डबल बेस ८. फ्लूट मात्र दोन-तीन, ट्रम्पेटही तेवढेच. गजवाद्यांचीच एवढी भरती कशाला, हे समजून घ्यायचं तर गजापासूनच सुरुवात करावी लागते.

व्हायोलिनचा गज म्हणजे जेमतेम साठ ग्रॅमची काठी आणि तिच्यावर ताणलेले घोड्याच्या शेपटीचे दीडशेच्या वर केस. कोरे केस तारेवरून फिरवले तर ते नुसते घसरतात, धड आवाजच येत नाही. म्हणून त्यांना राळ घासतात. राळेमुळे केस तारेला धरतात, तिला जरा ओढून नेतात. ताण वाढला की तार सुटते, मागे येते आणि पुन्हा धरली जाते. वाद्यं जुळवताना ओबो हे फुंकवाद्य जो स्वर देतं, तो व्हायोलिनवर वाजवताना ही पकड-सुटका सेकंदाला ४४० वेळा होते. नजरेला तार मध्यभागी फुगलेली दिसते. प्रत्यक्षात तिला एक टोकदार कोन पडलेला असतो आणि तो घोडीकडून बोटाकडे, बोटाकडून घोडीकडे सारखा धावत असतो. हे एकोणिसाव्या शतकात जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी दाखवून दिलं.

सतारीची तार छेडली की स्वर विरायला लागतो, पियानोचंही तेच. गजाखालच्या तारेला मात्र प्रत्येक आवर्तनात नवी शक्ती मिळत राहते, त्यामुळे स्वर हवा तेवढा लांबवता येतो, मध्येच फुलवता येतो, मिटवता येतो. फुंकून वाजवणाऱ्याला श्वास घ्यावाच लागतो, त्याचे ओठ थकतात. गजवाले पानामागून पान वाजवत राहतात. म्हणूनच रचनेचा सलग पट त्यांच्याकडे, आणि वर उठून दिसणारे रंग फुंकवाद्यांकडे, अशी वाटणी अठराव्या शतकापासून रुळली.

गजवाद्यांच्या कुटुंबात चार जण. व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो यांच्या लगतच्या तारांत षड्ज-पंचमाचं अंतर असतं. डबल बेसमध्ये ते षड्ज-मध्यमाचं, कारण त्याची तार मीटरभराहून लांब. पंचमाचं अंतर ठेवलं तर हात खालीवर नेऊनच वादक दमेल. मला यांत सगळ्यांत रंजक वाटतो तो व्हायोला. तो व्हायोलिनच्या एक पंचम खाली लावतात. त्या हिशेबानं त्याचा सांगाडा व्हायोलिनच्या दीडपट, म्हणजे ५३ सेंटिमीटरच्या आसपास हवा. एवढं वाद्य हनुवटीखाली धरणार कसं? म्हणून कारागिरांनी तडजोड केली आणि ते ४०-४२ सेंटिमीटरवर थांबले. स्वराच्या मानानं पेटी लहान पडली, आणि त्यातूनच व्हायोलाचा तो किंचित झाकलेला, नाकातला आवाज आला. ऑर्केस्ट्रातले निम्मे विनोद व्हायोलावाल्यांवर असतात, पण व्हायोला काढून घेतला तर वरचा सूर आणि खालचा पाया यांच्यामधली जागा रिकामी पडते.

आता संख्येचा प्रश्न. सोळा व्हायोलिनं एकाच्या सोळापट मोठी ऐकू येत नाहीत. कानाला आवाज दुप्पट-अडीचपटच वाढल्यासारखा वाटतो. फायदा वेगळाच आहे. सोळा माणसांची बोटं केसभर इकडेतिकडे पडतात, प्रत्येकाचं आंदोलन थोडं निराळं असतं. त्या बारीक फरकांची सरमिसळ होते आणि एकट्या व्हायोलिनचा धारदारपणा जाऊन रुंद, मऊ स्वर तयार होतो. गंमत म्हणजे दोनच व्हायोलिनं एकत्र वाजली तर फरक उघडा पडतो, स्वर थरथरतो. तीनपासून पुढे तो झाकला जातो. हिंदी चित्रपटगीतांमागची व्हायोलिनांची ती दाट लाट मराठी कानांना चांगलीच परिचयाची आहे. ती वाजवणाऱ्यांत गोव्याच्या वादकांचा वाटा फार मोठा होता. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांतलेच, आणि लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल त्यांचे शिष्य.

अशी सरमिसळ साधायची तर गज एकाच दिशेनं चालायला हवेत. खाली ओढलेला गज मुठीकडून सुरू होतो, म्हणून तो जड पडतो. वर ढकललेला हलका सुरू होतो. कुठला स्वर कुठल्या गजावर, हे प्रत्येक गटाचा प्रमुख ठरवतो आणि पहिल्या व्हायोलिनांचा प्रमुख, म्हणजे कॉन्सर्टमास्टर, सगळ्यांचा मेळ घालतो. या खुणा स्वरलिपीच्या पानांवर पेन्सिलनं करतात, कारण तालमीत त्या बदलतात. दोघांत एक स्टँड असतो. आतल्या बाजूला बसलेला पान उलटतो, बाहेरचा वाजवत राहतो. स्वतःचं व्हायोलिन वेगळं ऐकू येणं हा इथे दोष मानला जातो. मैफलीतल्या वादकाला हे पचवणं सोपं नाही.

बसण्याच्या जागेलाही अर्थ असतो. रशियन संगीतकार चायकोव्स्कीच्या काळी पहिली व्हायोलिनं मंचाच्या डावीकडे आणि दुसरी समोरासमोर उजवीकडे बसत. १८९३ साली पीटर्सबर्गमध्ये त्यानं आपली सहावी सिम्फनी स्वतः सादर केली. तिच्या शेवटच्या भागाची सुरुवातीची उतरती चाल दोन्ही गटांपैकी कोणाच्याच पानावर लिहिलेली नाही. एक स्वर पहिल्यांकडे, पुढचा दुसऱ्यांकडे, अशी ती वाटून दिली आहे. प्रत्येक गट वेड्यावाकड्या उड्या मारतो आणि चाल जुळते ती ऐकणाऱ्याच्या डोक्यात. पुढे हीच चाल परत येते तेव्हा मात्र ती सरळ पहिल्या व्हायोलिनांकडे आहे. आज बरेच ऑर्केस्ट्रा सगळी व्हायोलिनं डावीकडेच बसवतात, त्यात ही गंमत जवळजवळ हरवते.

मुंबईत एनसीपीएमध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया ऐकायला जाल तेव्हा पुढच्या रांगेपेक्षा बाल्कनीतली जागा घ्या. सगळे गज एकदम दिसतात. आणि चायकोव्स्कीची ही सहावी सिम्फनी घरी ऐकायची असेल तर दोन्ही गट समोरासमोर बसवलेलं ध्वनिमुद्रण शोधा, हेडफोन लावा आणि चौथ्या भागाची सुरुवात आधी दोन्ही कानांनी, मग एकेका कानानं ऐका.