शेवळाचे फोटो कसे काढावेत

वसंतातली रानफुले टिपायला युरोप-अमेरिकेतला छायाचित्रकार जमिनीकडे वाकतो. तिथे झाडांना पालवी फुटण्याआधी काही आठवडे ऊन थेट रानाच्या तळाशी पोहोचते आणि तेवढ्या मुदतीत खालच्या वनस्पती फुलून घेतात. आपल्या पानगळीच्या रानात चैत्रात ऊन भरपूर, पण जमिनीत ओल नाही. म्हणून आपला वसंत फांद्यांवर दिसतो : पळस, पांगारा, काटेसावर. तळाचा वसंत येतो मृगाच्या आगेमागे, आणि माझ्या लेखी त्याचा मानकरी शेवळ.

वाशीच्या एपीएमसीत कांदा-बटाटा, भाजी, फळे, मसाला, धान्य अशी पाच मार्केटे आहेत. फुलांचे नाही, त्यासाठी दादर गाठावे लागते. पण ठाणे-रायगडच्या बाजारांत पहिल्या पावसाबरोबर आदिवासी बायकांच्या पाटीतून शेवळाच्या जुड्या येतात. घेणाऱ्याला ती भाजी वाटते. खरे तर तो फुलोरा असतो, सुरणाच्या भाऊबंदाचा : अ‍ॅमॉर्फोफॅलस कम्युटेटस.

बाहेरचे जांभळट-तपकिरी आवरण म्हणजे महाछद, आतला दांडा म्हणजे स्थूलकणिश. खरी फुले दांड्याच्या तळाशी, बारीक दाण्यांसारखी. मादीफुले खाली, नरफुले त्यांच्या वर. मादीफुले आधी तयार होतात, पराग नंतर सुटतो. वासाला भुलून कीटक येतात ते या मधल्या वेळात. स्वयंपाकघरात खाज टाळण्यासाठी हाच दाणेदार भाग काढून टाकतात आणि काकडाची आंबट फळे घालतात. फूल खायचे, पण फुले टाकून!

मग फोटो कसा काढावा? गर्द रंग पाहून कॅमेरा चित्र उगाच उजळ करतो आणि जांभळा फिकट पडतो. उजेड थोडा उतरवून घ्यावा. फ्लॅश नको, ढगाळ सकाळ पुरे. कॅमेरा जमिनीलगत ठेवावा, शेजारी पट्टी. महाछद फाडून आतली फुले दाखवायचा मोह होतो, पण फाडलेल्या फुलोऱ्याला फळ धरेल याचा भरवसा नाही. वरून तिरका कोन घेतला तरी बरेच दिसते.

खरी अडचण पुढे आहे. शेवळाचे पान फुलोऱ्यानंतर येते, त्यामुळे एका फेरीत पुरी वनस्पती टिपताच येत नाही. जागेची खूण ठेवून पंधरवड्याने, महिन्याने परत जावे. छत्रीसारखे विभागलेले पान, जमल्यास पुढे फळांचे कणीसही घ्यावे. सुरणाच्या कुळात एकसारखे दिसणारे फुलोरे पुष्कळ. पानाविना जुडीच्या फोटोवर नाव ठरवून कोणी भलतेच खुडून शिजवले, तर घसा सोलवटून निघतो.

आणि खुडलेल्या प्रत्येक जुडीमागे तितकी फळे रानात धरत नाहीत. कंद जमिनीत राहतो, म्हणून पुढच्या वर्षी शेवळ पुन्हा वर येते. जिथे जमीनच सपाट केली, तिथे नाही. अशा ठिकाणी जुना फोटो आणि त्यावरची तारीख, जागा एवढीच नोंद हाती राहते. ही जागा आपल्या वहीत नेमकी लिहावी. चारचौघांत दाखवताना तालुक्याचे नाव पुरे.