बोलेरो : तीन मात्रांचा नाच, कमरेवरचं जॅकेट

नाच आणि पेहराव : लेखांक ६

महाराष्ट्रात ‘बोलेरो’ म्हटलं की आधी आठवते ती गाडी. २००० साली बाजारात आलेली महिंद्राची बोलेरो नाशिकच्या कारखान्यात तयार होते आणि गावोगावच्या कच्च्या रस्त्यांवर धावते. कपड्यांच्या दुकानात हाच शब्द आखूड जॅकेटसाठी ऐकू येतो, आणि पाश्चात्त्य संगीताच्या रसिकाला त्यावरून राव्हेलची रचना आठवते. मागच्या आठवड्यात आपण फ्लेमेंकोतला ‘बाता दे कोला’ हा लांब शेपटाचा झगा पाहिला. आज त्याच स्पेनमधलं एक आखूड वस्त्र आणि त्याला नाव देणारा नाच पाहू.

नाच

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात स्पेनमध्ये ‘सेगिदिया’ हा लोकनाच घराघरांत आणि रस्त्यांवर नाचला जात होता. त्याची लय थोडी संथ झाली, पावलं अवघड झाली, उड्या आणि गिरक्या वाढल्या आणि त्यातून बोलेरो घडला. सुमारे १७८० साली नर्तक सेबास्तियान सेरेसो यानं त्याला रूप दिलं, असं परंपरा मानते. ताल तीन मात्रांचा. पहिल्या मात्रेच्या उत्तरार्धात बारीक, झटपट ठोके येतात आणि त्यांनीच हा ताल ओळखू येतो. नर्तकांच्या बोटांत कास्टानेट असतात. चिपळ्यांसारखं हे लाकडी वाद्य अंगठ्याला अडकवून बाकीच्या बोटांनी वाजवतात.

या नाचातली सर्वांत देखणी जागा म्हणजे ‘बिएन पारादो’. कडव्याचा शेवट येतो, संगीत थांबतं आणि त्याच क्षणी नर्तक एका डौलदार पवित्र्यात स्थिर होतो. गिरकी कितीही वेगवान असो, थांबणं ठोक्यावरच हवं. जाणकार नर्तकाची पारख याच क्षणी करतात. पुढे या नाचात बॅलेची शिस्त मिसळली आणि ‘एस्कुएला बोलेरा’ ही नृत्यशैली उभी राहिली. सेविया शहरातल्या पेरिसेत कुटुंबानं ती पिढ्यान् पिढ्या सांभाळली.

जॅकेट

हे नाव कपड्याला का चिकटलं, हे नर्तकाच्या शरीराकडे पाहिलं की उमगतं. बोलेरोत हात सतत डोक्याच्या वर जातात, कंबर वळते, पाठीला कमान येते. लांब कोट घातला तर हात वर करताच तो खांद्यांपाशी गोळा होतो आणि कंबरेची हालचाल झाकून टाकतो. म्हणून जॅकेट कमरेच्या वरच संपतं आणि समोरून उघडं राहतं. गोयानं १७७७च्या सुमारास रंगवलेलं मान्सानारेस नदीकाठच्या नाचाचं चित्र माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. त्यात माद्रिदचे छानछोकी तरुण, म्हणजे ‘माखो’, आपल्या जोडीदारणींबरोबर सेगिदिया नाचताना दिसतात. आखूड जॅकेट ही या माखोंच्या पोशाखाची ओळखच होती.

बैलांशी झुंजणाऱ्या तोरेरोचं जॅकेटही याच घराण्यातलं. सोनेरी भरतकामानं ते इतकं जड आणि ताठ होतं की हात हलवणं कठीण व्हावं. म्हणून शिंपी त्याची काख शिवतच नाहीत, ती उघडी ठेवतात. पुढे हाच घाट स्त्रियांच्या कपाटात आला. मूळचा स्पेनमधल्या बास्क प्रांताचा क्रिस्तोबाल बालेन्सियागा यानं १९४०च्या दशकात पॅरिसमध्ये तोरेरोच्या जॅकेटावरून बेतलेले, भरतकामानं मढवलेले बोलेरो शिवले आणि ते संध्याकाळच्या मेजवान्यांत मिरवले गेले.

राव्हेल

मोरिस राव्हेलचा ‘बोलेरो’ नर्तकी इडा रुबिनस्टाईनच्या मागणीवरून लिहिला गेला आणि २२ नोव्हेंबर १९२८ रोजी पॅरिसच्या ऑपेरात पहिल्यांदा सादर झाला. स्पॅनिश खानावळीतल्या टेबलावर एक स्त्री नाचते, एवढाच प्रसंग. राव्हेलनं तीन मात्रा तशाच राखल्या, लय मात्र आणखी संथ केली. ढोलाचा दोन आवर्तनांचा, २४ ठोक्यांचा एकच बोल १६९ वेळा वाजतो. वादकाला सुमारे पंधरा मिनिटं तो बोल न डळमळता सांभाळायचा असतो.

गाणं

समुद्रापार क्यूबात मात्र बोलेरो म्हणजे प्रेमगीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सांतियागो दे कूबा शहरात गिटार घेऊन गाणाऱ्या ‘त्रोवादोर’ मंडळींनी ते घडवलं. त्यांच्यातला अग्रणी पेपे सांचेझ पेशानं शिंपी होता. संगीताचं शिक्षण त्यानं घेतलेलं नव्हतं, पण १८८०च्या दशकातलं त्याचं ‘त्रिस्तेसास’ हे क्यूबन बोलेरोचं आद्य गीत मानलं जातं. इथे ताल तीनाचा उरला नाही, दोनाचा झाला. त्यात आफ्रिकी वळणाचा ‘सिंकियो’ आला. आठ सूक्ष्म मात्रांत पाच ठोके, दोन-एक-दोन-एक-दोन असे विभागलेले. टाळी देऊन म्हणून पाहिलं तर त्यातला झोका लगेच कळतो.

क्यूबातून बोलेरो मेक्सिकोत गेला आणि रेडिओ-सिनेमानं तो घरोघरी नेला. कोन्सुएलो वेलास्केस हिचं ‘बेसामे मूचो’ जगभर गायलं गेलं. १९४४ साली न्यूयॉर्कमध्ये जमलेल्या ‘लोस पांचोस’ या त्रिकुटानं तीन आवाज आणि उंच सुरातली ‘रेकिंतो’ गिटार यांची घडी बसवली. २०२३ साली युनेस्कोनं क्यूबा आणि मेक्सिको या दोन्ही देशांचा बोलेरो मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतला.

शब्दकोशात आणखी अर्थ सापडतात. मेक्सिकोत बूट पॉलिश करणारा तो बोलेरो. थापा मारणाऱ्यालाही हाच शब्द आहे, कारण स्पॅनिशमध्ये ‘बोला’ म्हणजे चेंडू आणि थापही. बोलिव्हियात लष्करी बँडवर वाजणारी ‘बोलेरो दे काबायेरिया’ ही शोकधून आहे. १९३२ ते १९३५ या चाको युद्धाच्या आठवणी तिच्याशी जोडलेल्या आहेत.

मग यातला खरा बोलेरो कोणता, हा प्रश्न मला गैरलागू वाटतो. तीन मात्रांचा नाच जुना आहे म्हणून तो मूळ आणि दोन मात्रांचं गाणं उपरं, असं ठरवलं की सांतियागोच्या गायकांची सगळी कर्तबगारी पुसली जाते. नाव त्यांना स्पेनकडून मिळालं, गाणं त्यांनी स्वतः घडवलं. म्हणून बोलेरो ऐकताना किंवा अंगावर घालताना तो कुठल्या गावचा, कुणी घडवलेला, हे विचारत जावं. तेवढ्यानं त्या कारागिरांना त्यांचा मान मिळतो.

पुढच्या आठवड्यात बोहेमियाचा पोल्का हा नाच आणि आपल्या परकर-पोलक्यातलं पोलकं यांचं नातं तपासू.